विद्यापीठांची डिजिटल भांडारे : प्रबंध आहे, पण सापडेल का?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पीएच.डी.चे प्रबंध एकेकाळी कपाटबंद असत. एखादा प्रबंध पाहायचा तर संशोधकाला त्या गावी जावे लागे, अर्ज करावा लागे आणि तेथेच बसून टिपणे काढावी लागत. आज असे लाखो प्रबंध इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. मात्र प्रबंध संकेतस्थळावर चढविणे आणि तो वाचकाला सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठी प्रबंधांच्या बाबतीत हा फरक अधिकच जाणवतो.

भांडार म्हणजे काय?

प्रबंध, शोधनिबंध, अहवाल, दुर्मीळ ग्रंथ यांच्या डिजिटल प्रती नोंदींसह कायमस्वरूपी जतन करून वाचकांना खुल्या करणारी व्यवस्था म्हणजे संस्थात्मक भांडार. त्यासाठी साउदॅम्प्टन विद्यापीठात २००० मध्ये ‘ईप्रिंट्स’ ही प्रणाली तयार झाली. अमेरिकेतील एमआयटीची ग्रंथालये व ह्युलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये ‘डीस्पेस’ उपलब्ध करून दिली. दोन्ही प्रणाली मुक्त स्रोत असल्याने त्यांना परवाना शुल्क पडत नाही. खरा खर्च होतो तो सर्व्हर, स्कॅनिंग आणि प्रशिक्षित मनुष्यबळावर.

भारतातील वाटचाल

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये ईप्रिंट्सवर आधारित भांडार सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे विद्यापीठांवर बंधनकारक केले. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार यासाठी उभे राहिले. ते डीस्पेसवर चालते. २०१६ च्या नियमावलीनुसार पदवी जाहीर होण्यापूर्वीच ही प्रत इन्फ्लिबनेटकडे देणे आवश्यक झाले. संशोधनाचे आराखडे ठेवण्यासाठी ‘शोधगंगोत्री’ हे स्वतंत्र भांडार आहे.

नोंद हीच किल्ली

भांडारातील प्रत्येक प्रबंधासोबत शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विषय, वर्ष, भाषा असा तपशील भरला जातो. ‘डब्लिन कोअर’ या प्रमाणित पद्धतीत असे १५ मूलभूत घटक आहेत. सर्वत्र समान पद्धत पाळली, तर एका ठिकाणी शोध घेऊन अनेक भांडारांतील साहित्य मिळते.

मराठीसाठी नोंद देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत असणे हिताचे ठरते. ‘ज्ञानेश्वर’ हे एकच नाव रोमनमध्ये ‘डी’, ‘जी’ किंवा ‘जे’ या अक्षरापासून सुरू होऊ शकते. नोंद केवळ रोमनमध्ये असेल, तर देवनागरीत शोधणाऱ्याला समोर असलेला प्रबंधही दिसत नाही.

फाँटचा अडसर

त्याहून मोठी अडचण मजकुराची आहे. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे. पडद्यावर ‘क’ दिसला, तरी संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. अशी पीडीएफ माणसाला नीट वाचता येते; शोधयंत्राला मात्र ती निरर्थक वाटते. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुरातही पीडीएफ करताना काही वेळा वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटतात. म्हणून पीडीएफबरोबरच मूळ युनिकोड फाइलही ग्रंथालयाने मागून घ्यावी.

टंकयंत्रावर तयार झालेल्या जुन्या प्रबंधांचे स्कॅनिंग करून अक्षरओळख करता येते. ‘टेसरॅक्ट’ ही मुक्त प्रणाली मराठी ओळखते. तथापि, पुसट ठसा व जोडाक्षरे यांमुळे चुका राहतात. निदान शीर्षक, अनुक्रमणिका आणि सारांश माणसाने तपासणे अपरिहार्य आहे.

हक्क आणि जतन

प्रबंधाचा स्वामित्वहक्क सामान्यतः संशोधकाकडे असतो. त्यामुळे नव्या प्रबंधाबरोबर लेखी संमतिपत्र घेतले जाते. दुर्मीळ ग्रंथांबाबत भारतीय कायद्यानुसार, लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क कायम राहतो.

जतनासाठी ‘पीडीएफ-ए’ हा प्रकार २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारला गेला. त्यात फाँट फाइलमध्येच अंतर्भूत असतात. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी संदर्भ तुटू नये, म्हणून प्रत्येक प्रबंधाला ‘हँडल’ हा स्थायी क्रमांक दिला जातो. दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत आणि तिची नियमित तपासणी हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीत वाचकाचा वेळ वाचविण्याला स्थान दिले होते. डिजिटल सेवेची कसोटीही तीच आहे. किती पाने स्कॅन झाली, यापेक्षा एखाद्या तालुक्यातील महाविद्यालयात बसलेल्या विद्यार्थ्याला मराठीत शब्द टाकताच हवा तो प्रबंध मिळाला का, यावरच भांडाराचे यश मोजले पाहिजे.