शनवार तेली

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाचे तेल कोमट करताना माझी आजी हटकून म्हणायची, "तेल असावं तर शनवार तेल्याच्या घाण्याचं. आता तसं कुठलं मिळायला!" जुन्या पनवेलीतले आमचे घर, त्या घाण्याचे तेल मी कधी पाहिलेही नाही. मला आपले वाटे, सोमवार तेली, मंगळवार तेली असेही कुणी असतील आणि आठवड्याचे वार त्यांनी आपसांत वाटून घेतले असतील!

शेजारी एक इस्रायली कुटुंब होते. घरातले आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, शुद्ध आणि ठसठशीत मराठी बोलणारे. एके दिवशी मी त्यांना निरागसपणे विचारले, "आजोबा, तुम्ही शनवार तेली ना?" त्यांनी हातातले वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवले. "बाळ, आम्ही बेने इस्रायल," एवढेच म्हणाले आणि आत गेले. आजीला हे कळले तेव्हा ती बिचारी गोंधळून गेली. "अरे, मी काही वाईट म्हटलं होतं का रे?"

तिने वाईट म्हटले नव्हते, हे खरेच. या समाजाची परंपरा सांगते, की शतकानुशतकांपूर्वी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, गावांवरून दिवेकर, पेणकर, केहिमकर झाले. मात्र शनिवारी घाण्याला बैल जुंपायचा नाही, हे त्यांनी सोडले नाही. गावाने जे पाहिले तेच नाव ठेवले. परंतु पुढे पलटणीत, रेल्वेत आणि कचेऱ्यांत मान मिळवलेल्या माणसाला तेच नाव वाड्याच्या मागल्या दाराने आत बोलावल्यासारखे लागले, तर नवल नाही.

बरे, 'यहुदी' म्हणावे, तर तेही त्यांना नको असे. मुसलमानी अमलात त्या शब्दाला तुच्छतेचा वास येई, म्हणून 'बेने इस्रायल', म्हणजे इस्रायलची लेकरे, हे नाव त्यांनी पसंत केले, असे त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे सांगणे. हे पुस्तक लिहून झाले १८९७ च्या सुमारास आणि छापले गेले १९३७ साली, तेही तेल अवीवला! एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी 'बेनी इस्रायल' हेच नाव आपल्या लिखाणात रूढ केले. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे. त्यातल्या माणसांना गाव तेव्हा काय म्हणत असेल आणि ती स्वतःला काय म्हणवीत असतील, हा विचार तिथून जाताना माझ्या मनात येतोच.

इथवर गोष्ट सोपी आहे. शब्द दुसऱ्यांचा, दुःख त्यांचे. पण वाचकहो, याच समाजात 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असे दोन भाग होते. बाहेरच्या बाईपासून झालेली संतती ती काळी, मग कातडी केतकीच्या रंगाची का असेना! रोटी-बेटी व्यवहार नाही. आपल्याच मातीचा गुण हा. जातीशिवाय आपल्याकडे पाहुणाही फार दिवस राहत नाही.

१९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्रायलला गेली. त्यांत गोरेही होते, काळेही. तिथे उतरल्यावर सारेच काळे ठरले! 'कुशी' हा हिब्रू शब्द बायबलात कुश देशाच्या माणसाला लावलेला, साधा. आज तो शिवीसारखा मानला जातो. १९५१ मध्ये काहींनी भेदभावाविरुद्ध तेल अवीवला धरणे धरले, १९५२ मध्ये काहीजण परतही आले. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने लग्नापूर्वी यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असे फर्मावले. आंदोलने झाली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने, हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदीच होत, असे ठरवले. जो प्रश्न गोऱ्यांनी काळ्यांना विचारला होता, तोच सर्वांना विचारला गेला.

आपल्याकडे २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. उत्तम झाले. अलिबागेची इस्रायल आळी मात्र त्याच नावाने मिरवते, आणि तिथे कुणाला ते खुपत नाही.

गेल्या वर्षी नवीन पनवेलला त्या आजोबांचा नातू भेटला; सुट्टीत इस्रायलहून आला होता. बरोबरच्या तरुण पाहुण्यांना हौसेने सांगत होता, "आम्हाला इथे शनवार तेली म्हणत. दोन हजार वर्षं शब्बाथ पाळल्याचा याहून मोठा दाखला कोणता?" त्याच्या तोंडी ते नाव पदकासारखे शोभत होते. मी आजोबांची आठवण सांगितली, तर तो मोकळेपणाने हसला.

"आणि गोरे-काळे?" मी विचारले.

"ते जुनं झालं, काका," तो म्हणाला, आणि पाहुण्यांना घेऊन रिक्षाकडे वळला.