कंपनी बुडते, धावपट्टी उरते

मंडळी, करकंबात बसून विमानाचं काय बोलायचं, असं वाटेल. पण गोष्ट आपल्या जिल्ह्याचीच आहे. सोलापूर-मुंबई अशी किंगफिशरची सेवा काही काळ चालली आणि थांबली. पुढे 2012 मध्ये ती कंपनीच जमिनीवर आली. तिची जागा घेतली कुणी? दुसऱ्या विमानाने नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने!

नांदेडचंही तेच झालं. 27 एप्रिल 2017 ला 'उडान' योजनेत ट्रूजेटचं नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. फेब्रुवारी 2022 मध्ये ट्रूजेट थांबली. नांदेडला स्टार एअर आली ती 2024 मध्ये.

सोलापूरला 2025 च्या जूनमध्ये फ्लाय91 ने गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये स्टार एअरने मुंबईची सेवा सुरू केली. आनंदच आहे. पण 'उडान'मध्ये तोटा भरून देणारं अनुदान तीन वर्षांपुरतं असतं. कंपनी खासगी, धावपट्टी मात्र आपल्या पैशाची. म्हणून 'विमान कधी येणार' एवढंच विचारून भागत नाही. अनुदान संपल्यावर ते कशाच्या बळावर उडणार, हेही आजच विचारायला हवं.