शाहू: दोन अक्षरी नावाची गोष्ट

हल्ली आजोबा झालेल्या माझ्या मित्रांची एकच तक्रार असते. मुलगा-सून बाळासाठी दोन अक्षरी नाव शोधताहेत, आणि ते वर्गात दुसऱ्या कुणाचं असता कामा नये. पणजोबांचं नाव सुचवलं की दोघं हसतात. मित्रांच्या मते हे नवं खूळ आहे.

दोन अक्षरांचा आग्रह तरी नवा नाही. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, सुरुवात ग, द, भ अशा घोष व्यंजनानं व्हावी, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादं अक्षर यावं, असा नियम पारस्कर गृह्यसूत्रात आहे. देव, ध्रुव, जय ही आजची नावं त्यात चपखल बसतात. वायरलेस सेट कानाला लावून बरीच वर्षं काढल्यामुळे मला या नियमाचं फार कौतुक वाटतं. खरखरीत ‘स’ आणि ‘फ’ विरून जातात, ‘द’ पोहोचतो!

‘दुसऱ्या कुणाचं नको’ हा हट्ट मात्र जुन्या घरांना कळलाच नसता. तिथे नाव दुसऱ्याचं असावं, हाच हेतू असे. भोसल्यांचं घर बघा. मालोजीराजांना मूल होत नव्हतं. अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस केला आणि दोन मुलगे झाले, असं बखरी सांगतात. एका नावाचे दोन भाग करून दोघांना दिले: शहाजी आणि शरीफजी. शरीफजी 1624 साली भातवडीच्या लढाईत पडले.

पुढची पिढी. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. त्यानंतर 14 मे 1657 रोजी पुरंदरावर महाराजांना मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी ठेवलं. हे वाचताना मी दर वेळी थांबतो. आमच्या पलटणीतही शहीद झालेल्या भावाचं नाव मुलाला दिलेले जवान मी पाहिलेत. घरात ती हाक पुन्हा ऐकू यावी, एवढंच त्यांना हवं असतं. तिथे वेगळेपणाला काय किंमत?

पण या रीतीत एक अडचण आहे, आणि ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला थेट गादीपर्यंत पोहोचली. संभाजी महाराजांना 1682 साली मुलगा झाला. रिवाजाप्रमाणे आजोबांचं नाव: शिवाजी. सात वर्षांचा असताना रायगड पडला आणि येसूबाईंबरोबर हा मुलगा मोगलांच्या कैदेत गेला. इकडे काका राजाराम महाराजांना ताराबाईंपासून मुलगा झाला. तोही शिवाजी! 1700 साली राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी या लहान शिवाजीला गादीवर बसवलं. म्हणजे एक शिवाजी महाराष्ट्रात राजा, दुसरा औरंगजेबाच्या छावणीत कैदी. चुलत भाऊ, आणि दोघांच्या बाजूनं हक्क सांगणारी माणसं.

छावणीतल्या मुलाला लोक शाहू म्हणत. हे नाव औरंगजेबानं दिलं असं काही जण सांगतात, काहींना त्यात पणजोबा शहाजीराजांचं नाव दिसतं. मला दुसरं अधिक पटतं, पण भांडणार नाही. महत्त्वाचं हे की 1707 साली औरंगजेबाच्या मृत्यूनंतर तो सुटून आला, तेव्हा पंचविशीचा होता. सात वर्षांचं पोर गेलं होतं, मिशा फुटलेला माणूस परत आला. ओळखायचं कसं? हा खरा शाहू नव्हेच, तोतया आहे, असं ताराबाईंनी सांगितलं. त्या वर्षी खेडच्या लढाईआधी धनाजी जाधवांसारख्या सेनापतीला ठरवावं लागलं की समोरचा माणूस कोण आहे. धनाजी शाहूंकडे गेले. जानेवारी 1708 मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला.

‘शिवाजी’ या नावानं हे भांडण निवाड्याला कसं आलं असतं, सांगा. दोन सैन्यं एकाच नावाचा जयघोष करत समोरासमोर उभी राहिली असती. ‘शाहू’ हे नाव घरात नवं, छोटं, आणि त्या घडीला दुसऱ्या कुणाचं नव्हतं. आजच्या आईबापांना हवं तसंच.

पण वेगळं नाव वेगळं किती दिवस राहतं? साताऱ्याच्या गादीवर पुढे दुसरे शाहू आले. 1884 साली कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव नावाचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा त्याचंही नाव शाहू ठेवलं. गंमत म्हणजे कोल्हापूरची गादी ताराबाईंची, शाहूंच्या विरोधातली. राजर्षी शाहू महाराज आपण ज्यांना म्हणतो, ते हेच.

तंजावरकडच्या प्रेक्षकांसाठी आणखी एक. शहाजीराजांचे तिकडे गेलेले पुत्र एकोजी यांनी आपल्या मुलांची नावं ठेवली शहाजी, सरफोजी आणि तुकोजी. पहिली दोन म्हणजे बाप आणि चुलता, भातवडीला पडलेले तेच शरीफजी. पुढे सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणारे दुसरे सरफोजी झाले. तमिळ लिपीत ‘फ’साठी वेगळं अक्षर नाही, त्यामुळे नगरच्या शाह शरीफांचं नाव तिथले लोक आजही ‘सरबोजी’ असं उच्चारतात.