पेजेची पूर्वपीठिका

आश्विन लागला की कोकणपट्टीतील भातखाचरे पिवळी पडू लागतात. हळव्या भाताची कापणी होते, झोडणी होते आणि नवे तांदूळ घरात येतात. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या आरंभी आगेरा साजरा होतो व नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आशीर्वादित होतात. गोव्यात राय येथील कणसांचे फेस्त तर ऑगस्टातच येते.

आशीर्वाद घेऊन घरी आलेला हा नवा तांदूळ भातासाठी मात्र गृहिणीला फारसा रुचत नाही. तो चिकट होतो, शिते मोकळी होत नाहीत. त्याचा हाच दोष पेजेत गुण ठरतो. वाटीभर तांदूळ, आठ-दहा वाट्या पाणी, चवीपुरते मीठ आणि मंद विस्तव, एवढ्यावर पेज सिद्ध होते. सोबतीला सुकट किंवा लोणच्याची एखादी फोड पुरते. दिवसा ऑक्टोबरचे ऊन आणि रात्री गारवा, अशा दिवसांत कणकणलेल्या देहाला यासारखे सुखाचे अन्न दुसरे नाही.

हे गरिबाचे अन्न म्हणून आपण त्याच्या इतिहासाकडे वळून पाहत नाही. वस्तुतः त्याचे कूळ फार जुने आहे. ‘पेज’ हा शब्द संस्कृत ‘पेया’पासून आला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अठ्ठावीस प्रकारच्या यवागू, म्हणजे निरनिराळ्या औषधी घालून शिजवलेल्या पेजा, सांगितल्या आहेत. रोग्याचे अन्न हेच त्याचे पहिले औषध, ही दृष्टी त्यामागे आहे.

पोर्तुगीजांनी आपल्याला काय दिले, याची यादी आपल्याला पाठ आहे: बटाटा, मिरची, काजू, पाव. त्यांनी आपल्याकडून काय नेले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. सालामांका व अल्काला येथील विद्यापीठांत तो शिकला होता. येथील वनस्पती व औषधांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीसारख्या रोगाची चर्चा करताना त्याने देशी वैद्यांचा उपचार नोंदवला आहे. मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी ते रोग्यास पाजत, आणि त्यास ‘कांजी’ म्हणत. रोगाचे नावही पोर्तुगीजांनी येथूनच घेतले. आपली ‘मोडशी’ त्यांच्या तोंडी ‘मोर्देशी’ झाली.

विद्यापीठातून आलेल्या वैद्याने देशी रोग्याच्या उशाशी बसून शिकावे, आणि ते आपल्या ग्रंथात लिहून ठेवावे, ही नम्रता त्या काळात दुर्मीळ होती. ओर्ता मूळ ज्यू कुळातला. १५६८ साली तो वारला. १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. आपल्याच इतिहासातील हे पान दुःखाने, पण प्रामाणिकपणे वाचले पाहिजे.

कांजी मात्र समुद्रापार गेली. पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये कोंबडी व तांदूळ घालून केलेले पातळ सूप ‘कांजा’ या नावाने आजही घरोघरी होते, आणि आजाऱ्याला प्रथम तेच दिले जाते.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी रोग्यांना तोंडाने पाजले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. पुढे १९८० च्या दशकात ढाक्याच्या संशोधकांनी त्या मिश्रणात ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ शिजवून वापरले. पटकीच्या रोग्यांचे जुलाब त्याने आणखी कमी झाले. तांदळातील पिष्टाचे आतड्यात हळूहळू ग्लुकोज होते आणि त्याच्याबरोबर मीठ व पाणी शरीरात शोषले जाते. नुसती पेज म्हणजे जुलाबावरील क्षारपाणी नव्हे, हे ध्यानी ठेवावे. तरी मोडशीच्या रोग्याला तांदळाचे पाणी पाजणाऱ्या त्या अनाम वैद्यांचा हात योग्य दिशेने वळला होता, हे मान्य करावे लागते.

आज आपल्या कित्येक घरांत पाहुणा आला की पेजेचे भांडे झाकले जाते. आगेऱ्याच्या दिवशी वेदीपाशी आपण ज्या कणसांचा सन्मान करतो, त्यांचेच दाणे आपल्या पानात आले तर त्यांची लाज का वाटावी? यंदा नवे तांदूळ घरी आले की आजीला चुलीपाशी बसवून पेज कशी शिजवायची ते मुलांना दाखवावे, आणि पहिली वाटी पाहुण्याच्या हाती द्यावी.