१९७४ मधील महाटोर्नेडो उद्रेक

१९७४ मधील महाटोर्नेडो उद्रेक अथवा 'सुपर आउटब्रेक' ही ३ व ४ एप्रिल १९७४ रोजी उत्तर अमेरिकेत ओढवलेली नैसर्गिक आपत्ती होय. सुमारे २४ तासांत अमेरिकेची १३ राज्ये व कॅनडातील ओंटारियो प्रांत येथे मिळून १४८ टोर्नेडोंची नोंद झाली. त्यांपैकी ३० एफ-४ किंवा एफ-५ या सर्वाधिक विध्वंसक श्रेणींतील होते. ३०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तर ५,००० हून अधिक जखमी झाली. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी मेघापासून जमिनीपर्यंत पोचणारा, अतिवेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. समुद्रावर जन्मून अनेक दिवस टिकणाऱ्या चक्रीवादळाशी त्याची गल्लत करू नये.

जीवितहानी

केंटकी राज्यात ओहायो नदीकाठच्या ब्रँडनबर्ग येथील टोर्नेडोने ३१ बळी घेतले. शाळा सुटल्यावर घराबाहेर खेळत असलेली मुले त्यांत बरीच होती. अलाबामातील टॅनर परिसरात एका टोर्नेडोनंतर बचावकार्य चालू असतानाच दुसरा येऊन आदळला.

सर्वाधिक स्मरणात राहिले ते ओहायो राज्यातील झीनिया. दुपारी पावणेपाचच्या सुमारास टोर्नेडोने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. शहरात तेव्हा इशाऱ्याचे भोंगे नव्हते. वर्ग सुटलेले असले, तरी हायस्कूलच्या सभागृहात नाटकाची तालीम चालू होती. टोर्नेडो दिसताच विद्यार्थी रंगमंच सोडून आतल्या मार्गिकेत धावले. पाठोपाठ शाळेची बस त्याच रंगमंचावर येऊन पडली. विद्यार्थी बचावले. शहरात टोर्नेडोमुळे ३२ जण दगावले. स्मारकावर मात्र ३४ मृतांची नोंद आहे. मदतकार्यासाठी आलेले नॅशनल गार्डचे दोन जवान ६ एप्रिल रोजी तात्पुरत्या निवासाला लागलेल्या आगीत मरण पावले. त्यांनाही शहराने आपल्या मृतांतच गणले, हे उचितच होय.

अभ्यास व परिणाम

शिकागो विद्यापीठातील टेत्सुया फुजिता यांनी विमानातून पाहणी करून टोर्नेडोंचे मार्ग रेखाटले. काही ठिकाणी झाडे चक्राकार नव्हे, तर एका बिंदूपासून चहूकडे आडवी झालेली त्यांना आढळली. १९४५ मध्ये अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या नागासाकीत त्यांनी असाच आकृतिबंध पाहिला होता. मेघातून खाली कोसळून जमिनीवर पसरणाऱ्या वाऱ्याची त्यांची संकल्पना यातून आकारास आली. पुढे विमान अपघातांची कारणे शोधताना ती मोलाची ठरली.

झीनियात नंतर भोंगे बसवण्यात आले. २० सप्टेंबर २००० रोजी शहरावर पुन्हा टोर्नेडो आला आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. त्या वेळी वीज खंडित झाल्याने भोंगे वाजू शकले नाहीत.