पालिका कर्मचाऱ्याला कामावर शस्त्र बाळगता येते काय?

ठाणे महापालिकेच्या एका सहायक आयुक्तांवर ३० ऑगस्ट २०२१ रोजी कासारवडवली येथे फेरीवाल्यांविरुद्धच्या कारवाईदरम्यान चाकूहल्ला झाला. त्यात त्यांची बोटे तुटली आणि सोबतच्या सुरक्षारक्षकालाही बोट गमवावे लागले. अशा प्रत्येक घटनेनंतर अतिक्रमण विभागातील अधिकाऱ्यांना पिस्तूल का देऊ नये, हा प्रश्न नव्याने विचारला जातो. कायद्यात याचे उत्तर आहे. मात्र ते एका कलमात मिळत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याविना कोणासही अग्निशस्त्र जवळ ठेवता येत नाही. कलम ४५ मध्ये काही अपवाद आहेत. लोकसेवकाने 'लोकसेवक म्हणून आपले कर्तव्य बजावताना' बाळगलेले शस्त्र हा त्यांपैकी एक. पोलीस शिपायाला खात्याच्या बंदुकीसाठी स्वतःच्या नावाचा परवाना लागत नाही, तो यामुळेच. आता भारतीय दंडसंहितेच्या कलम २१ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाच्या सेवेतील व्यक्तीही लोकसेवकच होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तशीच आहे. मग पालिकेचा निरीक्षक या अपवादात का बसत नाही?

अडचण 'कर्तव्य बजावताना' या शब्दांची आहे. शस्त्र हे त्या कामाचे साधन असावे लागते. अनधिकृत बांधकामाला नोटीस बजावणे, हातगाडी जप्त करणे, पाणीपट्टी वसूल करणे ही कामे जोखमीची असली, तरी ती शस्त्राने करावयाची कामे नव्हेत. पालिकेने नोकरीवर घेतले म्हणून कोणी आपोआप सशस्त्र होत नाही. खात्याने बंदूक हाती दिली नसताना स्वतःच आणलेल्या पिस्तुलाला कलम ४५ चे छत्र मिळेल, असे मानणे धोक्याचे आहे.

दुसरा मार्ग वैयक्तिक परवान्याचा. तो मागण्यास पालिकेच्या कर्मचाऱ्याला मज्जाव नाही. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. पोलिसांचा अहवाल मागविला जातो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये व्यवसाय किंवा नोकरीच्या स्वरूपामुळे जीविताच्या रक्षणाची खरी गरज असलेल्यांचा विचार करण्याची तरतूद आहे, आणि अतिक्रमण विभागातील अधिकाऱ्याला तिचा आधार घेता येतो. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षणही आवश्यक ठरविण्यात आले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला कमाल दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात (पूर्वी ही मर्यादा तीन होती) आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेण्यात आली.

परंतु हा परवाना व्यक्तीचा असतो, पदाचा नव्हे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात व झाकलेले असावे, ते उगारू नये, असे नियम सांगतात. अटींचा भंग झाल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय परवानाही जाऊ शकतो. कारवाईला गेलेल्या अधिकाऱ्याने जमावाला दूर ठेवण्यासाठी नुसते पिस्तूल दाखविले तरी तो स्वतःच आरोपी ठरू शकतो. कार्यालयातील शिस्त ठरविण्याचा अधिकार प्रशासनाकडे असल्याने परवानाधारक कर्मचाऱ्यालाही शस्त्र घेऊन टेबलाशी बसण्याचा हक्क सांगता येत नाही.

प्रसंग ओढवलाच, तर स्वसंरक्षणाचा हक्क मात्र शाबूत आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असल्यास हल्लेखोराचा प्राण जाण्यापर्यंत तो हक्क पोहोचतो. तथापि ठाण्यासारखा हल्ला हाताच्या अंतरावरून, काही क्षणांत होतो. कमरेचे पिस्तूल तेवढ्यात निघेलच याची शाश्वती नाही, आणि गर्दीत ते हिसकावले जाण्याची भीती राहतेच. अधिकाऱ्यांची खरी तक्रार वेगळ्या ठिकाणी असावयास हवी. लोकसेवकावरील हल्ल्यासाठी दंडसंहितेच्या कलम ३५३ मधील दोन वर्षांची शिक्षा महाराष्ट्राने स्वतंत्र दुरुस्तीद्वारे पाच वर्षांपर्यंत वाढविली होती. न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये ती पुन्हा दोन वर्षांपर्यंतच आहे.

पालिकांपुढे व्यवहार्य वाट आहे ती प्रशिक्षित सशस्त्र रक्षक सोबत देण्याची. मोठ्या पाडकामाला पोलीस बंदोबस्त मागविला जातो. रोजच्या फेरीवाला कारवाईत तो मिळतोच असे नाही. २०१० च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान शुल्क भरून घेता येतात. निवासी डॉक्टरांवरील हल्ल्यांनंतर २०१७ मध्ये मुंबईतील रुग्णालयांत ते तैनात करण्यात आले होते.

एका दिवसापुरती मात्र कायद्यात चमत्कारिक सवलत आढळते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४ ब नुसार मतदानाच्या दिवशी मतदान केंद्राच्या परिसरात शस्त्र नेण्यास मनाई आहे. ज्यांना ती लागू नाही, त्यांत पोलिसांबरोबर मतदान केंद्राध्यक्षही येतो. लोकसभा-विधानसभा निवडणुकांत ही जबाबदारी पालिकेच्या कर्मचाऱ्यांवरही सोपविली जाते. अर्थात मनाईतून सूट म्हणजे परवाना नव्हे; तो त्या दिवशीही लागतोच.