शहरचे मूल, खेड्याचे मूल

श्रोतेहो, इतिहास म्हटला की लढाया आणि तहांच्या तारखा आपल्यापुढे उभ्या राहतात. पण मुलांच्या उंचीलाही इतिहास आहे बरं का! कोणत्या काळी गरिबाच्या ताटात काय पडत होते, हे त्यावरून चांगले कळते.

१८२९ साली फ्रान्समधील डॉक्टर व्हिलर्मे यांनी सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या उंचीच्या नोंदी तपासल्या. माणसाचा बांधा हवापाण्यावर ठरतो, अशी तेव्हा समजूत होती. व्हिलर्मे यांनी दाखवले की, जिथे गरिबी आणि कष्ट अधिक, तिथे माणूस खुजा राहतो.

इंग्लंडात १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई झाली. पण तिथे जन्माची सरकारी नोंदच १८३७ मध्ये सुरू झाली. मग वय कसे ओळखायचे? उंची मोजून! धूर, दाटीवाटी आणि घाण पाणी यांत राबणारे ते मूल अर्थातच खुजे असे. पुढे शहरांत नळाचे स्वच्छ पाणी, गटारे, लसी आणि दवाखाने आधी आले, आणि विसाव्या शतकात चित्र पालटले. शहरचे मूल उंच झाले, खेड्याचे मागे राहिले.

आता हेही अंतर कमी होत आहे. सुमारे दोनशे देशांतील १९९० ते २०२० या काळाचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक देशांत शहरी मुलांची उंचीतील आघाडी घटल्याचे त्यात दिसले. पण दुसरीकडे लठ्ठपणा वाढला. जगात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुले १९७५ साली सुमारे १ कोटी १० लाख होती. २०१६ साली ती १२ कोटी ४० लाखांवर गेली.

आपल्या देशाचे काय, असे तुम्ही विचाराल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी शहरांत सुमारे ३० आणि खेड्यांत सुमारे ३७ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच वयात उंचीच्या मानाने जादा वजनाची मुले २०१५-१६ साली शंभरात दोन होती, ती तीनाच्या वर गेली. म्हणजे जुने दुखणे गेले नाही, तोच नवे दाराशी आले.

ही दोन दुखणी परस्परांना परकी नाहीत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथे बाळाचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनला ते ३.५ किलो होते. आपले बाळ स्नायूंनी बरेच कमी होते, पण त्या मानाने अंगावरची चरबी फारशी कमी नव्हती. अशा मुलाचे वजन पुढे झपाट्याने वाढले, तर मोठेपणी मधुमेहाचा धोका वाढतो.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, 'मूल गुटगुटीत दिसते, म्हणजे ठीक आहे' एवढ्यावर थांबू नका. नुसते वजन अर्धीच हकिकत सांगते. वजनाबरोबर उंचीही मोजा. पायांतल्या वहाणा काढून मूल भिंतीला टेकवून सरळ उभे करा, आणि दर सहा महिन्यांनी वहीत तारखेसह आकडा टिपा. उंची थांबली आणि वजन मात्र चढत चालले, तर आईवडिलांशी बोला, आरोग्य केंद्रात दाखवा. अशा मुलाला खुराक म्हणून बिस्किटे आणि गोड पेये देऊ नका; भाकरीबरोबर डाळ, उसळ, पालेभाजी, दूध किंवा अंडे त्याच्या ताटात पडायला हवे. आणि खेळाचा तास गणिताला देऊन टाकू नका.